नव्याने सुरू झालेल्या शाळेत शारीरिक शिक्षण व खेळ : पहिल्या वर्षात काय करावे?



नवी शाळा सुरू झाली की फलक, गणवेश, बाकं, संगणक या गोष्टी पहिल्या आठवड्यात जागेवर येतात. मैदानाचा विषय निघाला की मात्र एकच वाक्य ऐकू येतं, "ते बघू नंतर." आपल्या गंगापूर तालुक्यात दोन प्रकारच्या नव्या शाळा आपण पाहतो. एक, वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात कामगारांची वस्ती वाढली तशा उभ्या राहिलेल्या शाळा. यांना इमारत चांगली असते, पण जागा कमी. दुसऱ्या, गावापासून लांब शेतवस्तीवर सुरू झालेल्या शाळा. यांना जागा असते, पण ती खडकाळ किंवा काळ्या मातीची, कुंपण नसलेली. दोन्हीकडे अडचणी वेगळ्या, पण "बघू नंतर" हे वाक्य सारखंच.

हा लेख त्या "नंतर"बद्दल आहे. शाळेला पहिल्या वर्षी जी सवय लागते ती पुढे मोडायला फार कष्ट पडतात. जून महिन्यात शारीरिक शिक्षणाची तासिका गणिताला दिली गेली की ती पुढची दहा वर्षं गणिताकडेच राहते. मैदानाच्या कोपऱ्यात वाळू-खडीचा ढीग पडला की तिथे पुढे खोली उभी राहते. म्हणून नव्या शाळेने पहिल्या वर्षी चषकाच्या मागे न लागता एकच गोष्ट पक्की करावी, असं माझं मत आहे. शाळेतलं प्रत्येक मूल रोज मैदानावर हललं पाहिजे. ते कसं करायचं, याचा हा आराखडा.

१. शारीरिक शिक्षण आणि खेळ यांत फरक काय?

आपण बोलताना दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण फरक लक्षात घेतला तर नियोजन सोपं जातं.

शारीरिक शिक्षण हे वर्गातल्या सगळ्या मुलांसाठी असतं. धावणं, उडी मारणं, फेकणं, झेलणं, तोल सांभाळणं, वाकणं, लोंबकळणं या मूलभूत हालचाली त्यात येतात. त्यासोबत स्वच्छता, आहार, झोप, शरीराची ओळख हेही येतं. खेळ म्हणजे नियम, मैदान, संघ आणि हार-जीत. त्यात निवड येते आणि स्पर्धा येते.

नवीन शाळा बहुतेक वेळा उलट क्रमाने चालते. आधी बारा मुलांचा संघ निवडला जातो, त्यांना टी-शर्ट मिळतात आणि बाकीची मुलं टाळ्या वाजवायला बसतात. ज्याला नीट धावता, झेलता, तोल सांभाळता येत नाही त्याला कबड्डी, क्रिकेट, खो-खो काहीच जमत नाही. आणि हे शिकायचं वय पहिली ते तिसरी हेच असतं. पाया तिथे घातला तर पाचवी-सहावीत संघ निवडायला मुलं आपोआप मिळतात.

२. कायदा आणि धोरण काय सांगते?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात शाळेसाठी जे निकष दिले आहेत, त्यात खेळाचं मैदान आहे आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य द्यावं असंही म्हटलं आहे. म्हणजे मैदान ही हौसेची गोष्ट नाही, ती खोली आणि स्वच्छतागृहाच्या यादीतच आहे.

याच परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पटसंख्या शंभरच्या वर असेल तर, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ शिक्षकांची तरतूद आहे. पहिली ते पाचवीसाठी अशी वेगळी तरतूद नाही. याचा सरळ अर्थ असा की प्राथमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणजे आपणच, वर्गशिक्षक. "क्रीडा शिक्षक आले की सुरू करू" असं म्हणून थांबलो तर लहान वर्गांचं काहीच होणार नाही. डी.एड. करताना आपण हा विषय शिकलो आहोत. बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तकही हाताशी आहे. तेवढ्यावर सुरुवात होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये खेळाला अभ्यासाच्या बाहेरची गोष्ट न मानता अभ्यासक्रमाचाच भाग मानलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करायला हवी. हा ६० चा आकडा लक्षात ठेवा, वेळापत्रकात तो पुन्हा लागणार आहे.

३. मैदान : आधी जागा राखा, मग सजवा

जागा लहान असली तरी चालेल, पण ती पहिल्या दिवशी आखून टाका. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या की ही चतुःसीमा मैदानाची, इथे बांधकाम, साहित्य, वाहनं काही येणार नाही. खासगी शाळा असेल तर संस्थेकडून तसं लेखी घ्या. कागदावर आलं की पुढच्या मुख्याध्यापकांनाही ते पाळावं लागतं.

जागेबाबत चार गोष्टी पाहा.

• दिशा : मैदानाची लांबी दक्षिणोत्तर ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवली तर सकाळी आणि संध्याकाळी एका बाजूच्या मुलांच्या डोळ्यांवर ऊन येतं, चेंडू दिसत नाही.

• माती : आपल्याकडे गोदाकाठच्या पट्ट्यात काळी माती. पावसाळ्यात चिकट आणि निसरडी, उन्हाळ्यात भेगा पडतात. भेगेत पाय अडकून घोटा मुरगळतो. वर मुरमाचा थर टाकून, पाणी मारून, रोलर फिरवला तर मैदान बसतं. मुरूम चाळलेला असावा, नाहीतर गुडघे सोलतात. गावातला एखादा ट्रॅक्टरवाला पालक एक-दोन खेपा आनंदाने टाकतो, मागायला मात्र आपल्याला जावं लागतं.

• पाणी : पावसाचं पाणी एका बाजूला निघून जाईल इतका हलका उतार ठेवा. मधे खळगा राहिला तर जुलै-ऑगस्ट वाया जातो.

• सावली : पश्चिमेच्या कडेला कडुनिंब, करंज लावा. पहिल्या पावसात लावलेलं झाड चार-पाच वर्षांत सावली द्यायला लागतं. मुलांच्या बाटलीतलं उरलेलं पाणी रोज घरी जाताना झाडाला घालायचं, ही सवय मैदानाला आणि मुलांना दोघांनाही चांगली.

दगड वेचणं हे पहिल्या आठवड्याचं काम. इयत्तेप्रमाणे पट्टे वाटून द्या. मुलं हे काम खेळासारखं करतात आणि स्वतः साफ केलेल्या मैदानावर कागद टाकत नाहीत. फक्त काचा आणि तारा मुलांना उचलायला लावू नका, त्या मोठ्यांनीच आधी काढाव्यात.

४. मैदान आखणं हाच भूमितीचा पाठ

कबड्डीचं लहान गटाचं मैदान ११ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं. हे आखायला पाचवीच्या पुढची मुलं घ्या. लागतं काय? मोजपट्टी, चार खुंट्या, सुतळी आणि फक्की.

कोपरा काटकोनात यावा म्हणून १२ मीटर दोरी घ्या. सुरुवातीपासून ३ मीटरवर एक गाठ, ७ मीटरवर दुसरी गाठ मारा. दोरीची दोन टोकं एकत्र धरा आणि दोन्ही गाठी ताणा. ३, ४ आणि ५ मीटरचा त्रिकोण होतो आणि ३ व ४ च्या मधला कोन बरोबर काटकोन येतो. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे, साधारण १३ मीटर ६० सेंटिमीटर आले तर आखणी बरोबर. फळ्यावर पायथागोरस सातवी-आठवीत भेटेल तेव्हा या मुलांना तो ओळखीचा वाटेल.

फक्कीसाठी कळीचा चुना वापरू नका. तो डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. रांगोळी किंवा पांढऱ्या खडूची भुकटी चालते. टिकाऊ रेघ हवी असेल तर दोरी जमिनीत अर्धी पुरून खिळ्यांनी पक्की करा, मात्र खिळ्याची डोकी वर राहता कामा नयेत.

धावण्यासाठी ५० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद असा आयत मिळाला तर फार सोय होते. त्याची परिमिती १५० मीटर. चार फेऱ्या म्हणजे ६०० मीटर. हा आकडा पुढे नोंदीत उपयोगी पडेल.

५. वेळापत्रक : ६० मिनिटं कुठून आणायची?

"वेळच नाही" ही आपली खरी अडचण. पण हिशोब मांडून पाहू. परिपाठाच्या वेळी हालचालीचा व्यायाम १० मिनिटं. शारीरिक शिक्षणाची तासिका ३५ मिनिटं. मधल्या सुट्टीत मोकळा खेळ १५ मिनिटं. झाली ६० मिनिटं. ज्या दिवशी शारीरिक शिक्षणाची तासिका नसेल त्या दिवशी गणित किंवा भाषेचा एक भाग मैदानावर घ्या. जमिनीवर आखलेल्या संख्यारेषेवर उड्या मारत बेरीज-वजाबाकी, अक्षरांच्या चौकोनांवर उड्या मारत शब्द तयार करणं, असं पुष्कळ करता येतं. 'आनंददायी शनिवार' तर यासाठी हक्काचा आहे.

तासिका ठेवताना एवढं पाळा.

• खिचडी किंवा डबा खाल्ल्यावर लगेच पळायला लावू नका. मधे किमान पाऊण तास जाऊ द्या.
• फेब्रुवारीनंतर मैदानावरची तासिका सकाळी पहिली ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशी ओलांडतो.
• दोन वर्गांची तासिका एकाच वेळी ठेवू नका. लहान मैदानावर मोठी मुलं लहानांना कडेला ढकलतात.
• शारीरिक शिक्षणाची तासिका दुसऱ्या विषयाला द्यायची वेळ आलीच तर त्याच आठवड्यात ती परत करायची. हा नियम स्टाफरूममध्ये लिहून लावा.

६. एका तासिकेचा हिशोब

वर्गात ४० मुलं, हातात एक चेंडू, तासिका ३५ मिनिटांची. रांग लावून मैदानावर जायला-यायला पाच मिनिटं गेली, उरली ३०. सगळ्यांना एकामागून एक चेंडू दिला तर एका मुलाच्या वाट्याला ४५ सेकंद येतात. उरलेला वेळ तो रांगेत उभा राहतो, पुढच्याला ढकलतो, मग आपण ओरडतो.

त्याच वर्गाचे पाच-पाच मुलांचे आठ गट केले आणि प्रत्येक गटाला एक कापडी चेंडू दिला तर एका मुलाला सहा मिनिटं मिळतात. शिक्षक तोच, मैदान तेच, वेळ तेवढाच. बदलली फक्त मांडणी.

खो-खोचंही तसंच. नियमाप्रमाणे पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटर. एका वेळी आठ जण बसलेले, एक पाठलाग करणारा आणि तीन पळणारे, म्हणजे बारा जण खेळात आणि वर्गातली २८ मुलं प्रेक्षक. शिकवताना मैदान लहान करा. चार मुलं बसलेली, एक पाठलाग करणारा, तीन पळणारे, असे आठ जणांचे पाच डाव एकाच वेळी लावले तर चाळीसच्या चाळीस मुलं खेळतात. खांबाच्या जागी वाळू भरलेली बाटली ठेवली तरी चालतं.

आता एक गोष्ट जी आपल्या सहज लक्षात येत नाही. लंगडी, डोंगर का पाणी यांसारख्या आपल्या खेळांमध्ये बाद झालेलं मूल बाहेर बसतं. पहिल्यांदा बाद कोण होतं? जे हळू पळतं, जे जाड आहे, ज्याला चष्मा आहे, ज्याला दिसायला-ऐकायला अडचण आहे. म्हणजे ज्याला व्यायामाची सगळ्यांत जास्त गरज त्यालाच सगळ्यांत कमी व्यायाम मिळतो, आणि चपळ मूल शेवटपर्यंत पळत राहतं. यावर उपाय सोपा आहे. बाद झालेल्याने बाहेर बसायचं नाही. मैदानाला एक फेरी मारून किंवा दोरीवरच्या दहा उड्या मारून पुन्हा खेळात यायचं. कुणी शेवटपर्यंत कडेला राहत नाही आणि खेळ संपल्यावर रडारडही होत नाही. दिव्यांग मुलांसाठी चेंडू मोठा घ्या, अंतर कमी करा, दिसत नसेल तर चेंडूला घुंगरू शिवून द्या. नियम आपण बनवतो, तेव्हा बदलायलाही आपणच मोकळे आहोत.

७. इयत्तेप्रमाणे काय घ्यावे?

पहिली-दुसरी : प्राण्यांच्या चाली, बेडूकउड्या, एका पायावर तोल, चेंडू घरंगळवणं, दोन हातांनी झेलणं, मामाचं पत्र हरवलं, टायर ढकलत नेणं. हार-जीत नको.

तिसरी-चौथी : लंगडी, दोरीवरच्या उड्या, लगोरी (आपल्याकडे बरेच जण लिंगोरचा म्हणतात), रिले, सूर्यनमस्काराची ओळख, लहान मैदानावरचा खो-खो, पोत्यांची शर्यत.

पाचवी ते सातवी : कबड्डी, खो-खो, आट्यापाट्या, डॉजबॉल, टेनिक्वाइट, लांब उडी, धावण्याच्या शर्यती, योगासनं. पंच होणं, गुण लिहिणं, मैदान आखणं हीसुद्धा मुलांची कामं. ज्याला पळायला आवडत नाही असं एखादं मूल उत्तम पंच होतं.

लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या हे खेळ आजी-आजोबांना येतात. महिन्यातून एका शनिवारी त्यांना शाळेत बोलवा. नवीन शाळेला गावाशी नातं जोडायचं असतं, त्याला याहून सोपा रस्ता नाही.

८. साहित्य : थोडं विकत, बरंचसं घरचं

समग्र शिक्षा अंतर्गत शासकीय शाळांना क्रीडा साहित्यासाठी प्राथमिकला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. ही रक्कम एका महागड्या कॅरम किंवा क्रिकेट संचावर घालवू नका. चेंडू, रिंगा, उडीच्या दोऱ्या, शिट्टी, स्टॉपवॉच, मोजपट्टी आणि प्रथमोपचार पेटी आधी घ्या. संख्या अशी ठेवा की पाच मुलांमागे एक वस्तू येईल.

उरलेलं साहित्य घरून आणि गावातून जमतं. पंक्चरच्या दुकानातले जुने टायर, वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, जुन्या ओढणीच्या चिंध्यांचे चेंडू, गोणपाट, बांबू, पाइपच्या तुकड्याची रिंग, फरशीचे तुकडे लगोरीला (कडा घासून घ्या). टायरमध्ये पावसाचं पाणी साचू देऊ नका, डास होतात. तळाला भोकं पाडून ठेवा.

साहित्य कपाटात कुलूपबंद राहिलं तर ते नसल्यासारखंच. साहित्य-मंत्री नेमा, वही घाला, मधल्या सुट्टीत मुलांना घेऊ द्या. चेंडू फाटला तर तो वापरला गेला असं समजावं.

९. मुली मैदानावरून कधी आणि का कमी होतात?

चौथीपर्यंत मुलांच्या बरोबरीने पळणारी मुलगी सहावी-सातवीत हळूहळू कडेला बसायला लागते. कधी ती सगळ्यांच्या बाटल्या सांभाळते, कधी "पोट दुखतं" म्हणते. आपण "मुलींना आवडत नाही" असं म्हणून पुढे जातो. पण तिला विचारलं तर कारणं अगदी साधी निघतात. गणवेशाचा स्कर्ट, त्यात वाकता येत नाही. स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही. पाळी सुरू झाली आहे, कुणाला सांगायचं कळत नाही. मुलांनी मैदान अडवलं आहे. घरून सांगितलं आहे, "उन्हात काळी पडशील."

यातली बहुतेक कारणं नवीन शाळा पहिल्याच वर्षी काढून टाकू शकते, कारण गणवेश अजून ठरायचा असतो.

• खेळाच्या दिवशी मुलगा-मुलगी सगळ्यांना ट्रॅकपँट किंवा सलवार.
• कडी आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह, सॅनिटरी पॅड शाळेत, आणि ते मागायला एक ठरलेल्या बाई.
• आठवड्यात मैदानाचा अर्धा वेळ मुलींसाठी राखीव.
• पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे तिने ठरवावं. बरं वाटत असेल तर खेळायला हरकत नसते, दुखत असेल तर विश्रांती. सक्ती दोन्ही बाजूंनी नको.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली. हे पालक सभेत सांगा, त्या सामन्याचा व्हिडिओ दाखवा. मुलींना आणि त्यांच्या आयांना ते बघू द्या.

१०. सुरक्षितता

प्रवेश घेतानाच पालकांकडून आरोग्याची माहिती भरून घ्या : दमा, झटके, हृदयाचा त्रास, मोठं ऑपरेशन, ॲलर्जी. शासकीय व अनुदानित शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांनी सांगितलेल्या गोष्टी हजेरीपत्रकाच्या शेवटी लिहून ठेवा.

घोटा मुरगळला तर चोळू नका. थंड पाण्याची किंवा फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाची पट्टी ठेवा, पाय उंच ठेवा. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा. उन्हाने चक्कर आली तर सावली, ओलं फडकं, आणि शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी किंवा ओआरएस. मूल बेशुद्ध असेल, उलट्या होत असतील किंवा हाड मोडल्याची शंका असेल तर वेळ न घालवता १०८ ला फोन.

शेतवस्तीवरच्या शाळांनी कुंपणाबाहेरची विहीर आणि शेततळं याकडे विशेष लक्ष द्यावं. चेंडू तिकडे गेला तर मुलाने आणायला जायचं नाही, शिक्षकाला सांगायचं. हा नियम पहिल्या दिवसापासून.

११. व्यायाम ही शिक्षा नव्हे

गृहपाठ नाही केला, मार मैदानाला पाच फेऱ्या. उशीर झाला, काढ उठाबशा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा करायला मनाई आहे, हे तर आहेच. पण दुसरं नुकसान मोठं आहे. ज्या मुलाने धावणं शिक्षा म्हणून केलं, तो मोठेपणी आनंदाने कसा धावेल? याच्या उलट चूकही तितकीच होते, "दंगा केला म्हणून आज खेळ बंद." ज्या मुलाला बसवत नाही म्हणून तो दंगा करतो, त्याचाच खेळ आपण काढून घेतो. भाषेचा पाठ आपण शिक्षा म्हणून बंद करत नाही, तसाच हा विषय.

१२. नोंद : मुलाची तुलना त्याच्याशीच

खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचण्या साध्या आहेत. लहान वर्गांसाठी (साधारण ५ ते ८ वर्षं) उंची-वजन, एका पायावर तोल, आणि टेबलावरच्या दोन गोलांना हाताने आळीपाळीने पटापट शिवणं. नऊ वर्षांपुढे उंची-वजन, ५० मीटर धावणं, ६०० मीटर धावणं-चालणं, बसून पुढे वाकणं, पोटाचे व हातांचे व्यायाम.

जूनअखेर एकदा आणि फेब्रुवारीत एकदा घ्या. वहीत तीन रकाने : नाव, जून, फेब्रुवारी. क्रमांक काढू नका. मुलाला फक्त त्याचे दोन आकडे दाखवा. चार फेऱ्या (६०० मीटर) जूनमध्ये चालत पूर्ण करणारं मूल फेब्रुवारीत तीन फेऱ्या धावलं तर ते त्याचं यश, आणि पालकांना प्रगतिपत्रकावर लिहून द्यावं असं यश. वजनाचा आकडा मात्र वर्गात मोठ्याने वाचू नका. कमी वजन असलेल्या मुलाच्या घरी स्वतः बोला.

१३. आणि मग स्पर्धा

पहिल्या वर्षी शाळेच्या आतच गट पाडून सामने घ्या. सर्व मुलं कुठल्या ना कुठल्या गटात. दुसऱ्या वर्षापासून केंद्र, बीट, तालुका पातळीवर जा. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, त्यामुळे आपल्या पाचवी-सहावीच्या मुलांना तयारीला पुरेसा काळ आहे. घाई करून वयाचे खोटे दाखले जोडण्याची वेळ येऊ देऊ नका. मुलाला शाळेने शिकवलेली ती सगळ्यांत वाईट गोष्ट ठरते.

एखादं मूल खरंच वेगळं दिसलं तर मात्र शाळेने त्याच्या मागे उभं राहायचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्यांना पाठवायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसळे हा शिक्षकाचा मुलगा, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायी जायचा-यायचा. पुढे तो ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्णपदक विजेता झाला.

आपल्याला घर गहाण ठेवायचं नाही. मूल ओळखायचं, पालकांना समजावायचं, क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी कधी आहे ते तालुका क्रीडा अधिकाऱ्यांकडे विचारायचं, आणि मुलाला घेऊन छत्रपती संभाजीनगरला जायचं. तिथे विभागीय क्रीडा संकुल आहे, भारतीय खेळ प्राधिकरणाचं केंद्र आहे. गंगापूरहून ते फार लांब नाही. घरच्यांना एवढंच माहीत नसतं.

१४. पालकांसाठी दोन शब्द

नव्या शाळेत प्रवेश घेताना आपण विचारता, "स्पोर्ट्स आहे का?" आणि माहितीपत्रकातले स्केटिंग-कराटेचे फोटो पाहून समाधान मानता. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. माझ्या मुलाच्या वर्गाला आठवड्यात मैदानाच्या किती तासिका? त्या कोण घेतं? आणि मैदान कुठे आहे, मला दाखवता का?

वाळूजच्या पट्ट्यात अनेक कुटुंबं एका-दोन खोल्यांत राहतात. बाहेर रस्त्यावर कंपन्यांची वाहनं. आई-वडील दोघंही पाळीला गेलेले असतात आणि मुलाच्या हातात मोबाइल. अशा मुलाला पळायला मोकळी जागा दिवसभरात एकच, शाळेचं मैदान. तीही शाळेने काढून घेतली तर ते मूल पळणार कुठे? "खेळाने अभ्यास बुडतो" असं वाटत असेल तर एक महिना शिक्षकांशी बोलून पाहा, खेळून आलेलं मूल वर्गात कसं बसतं ते.

१५. वर्षाचा आराखडा

जून : जागेचा ठराव, दगड वेचणं, झाडं, आरोग्य माहिती, २१ जूनला योग दिन, पहिली चाचणी.
जुलै-ऑगस्ट : पाऊस. व्हरांड्यात तोलाचे खेळ, दोरीउड्या, योगासनं. २९ ऑगस्टला मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस, राष्ट्रीय क्रीडा दिन.
सप्टेंबर-ऑक्टोबर : मैदान वाळलं की आखणी. लंगडी, खो-खो.
नोव्हेंबर-डिसेंबर : कबड्डी, धावणं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरची मुलं या काळात कमी होतात. गट लवचीक ठेवा, आणि मूल परत आलं की त्याच दिवशी त्याला गटात घ्या.
जानेवारी : १५ तारखेला राज्य क्रीडा दिन, शाळेअंतर्गत सामने.
फेब्रुवारी : दुसरी चाचणी, नोंदी पालकांना.
मार्च-एप्रिल : सकाळची वेळ, सावलीतले खेळ, विटीदांडू, बैठे खेळ, भरपूर पाणी.

१९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. पुढे त्याचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. आज तिथे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे. सुरुवात झाली तेव्हा तोही एक साधा आखाडाच होता. आपल्या वस्तीवरच्या शाळेकडून कुणी बर्लिनची अपेक्षा करत नाही. पण सुरुवात करायला लागतं तेवढं आपल्याकडेही आहे.

येत्या सोमवारी एवढंच करा. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाची तासिका लाल शाईने लिहा. सुतळी आणि चार खुंट्या घेऊन मैदानाची हद्द आखा. घरून चिंध्यांचे आठ चेंडू करून आणायला सांगा. आणि तासिका संपल्यावर एक गोष्ट मोजा, आज किती मुलं कडेला बसली. तो आकडा आठवड्याला एकेकाने कमी होत गेला तर आपली शाळा बरोबर चालली आहे असं समजा. आपल्या शाळेत काय अडचण आली, काय जमलं, तेही एकमेकांना सांगत राहू.